गाठी मोजायच्या राहिल्या

माझं अक्षर चांगलं होतं आणि भागाकार बिनचूक होता. या दोन गुणांवर मला जव्हारात संस्थानी नोकरी लागली, आणि याच दोन गुणांपायी मी एका पाड्याचं उन्हाळ्याचं सगळं पाणी ओतून द्यायच्या बेतात आलो होतो. अक्षर चांगलं असलं की माणूस वाचणाऱ्याला खरा वाटतो. पंचाईत अशी, की तो स्वतःलाही खरा वाटायला लागतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पुण्याला ओव्हरसियरच्या वर्गात दोन वर्षं काढली होती, पण परीक्षेच्या वेळी आजारी पडलो आणि कारकून होऊन जव्हारात आलो. आमच्या कचेरीत तिघंच: ओव्हरसियरसाहेब, मी आणि एक शिपाई. रस्ते, मोऱ्या, विहिरी, तळी, सगळं आमच्याकडे. साहेब साठीच्या जवळ आलेले, अंगानं किरकोळ, बोलायला मोजके. तरुणपणी घाटावर कुठंतरी त्यांनी मातीचा एक बांध फुटताना पाहिला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण कोणत्याही बांधाचं नाव निघालं की पेन खाली ठेवून ऐकत.

मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना वाट सोडून डोंगराच्या अंगानं वर गेलं की वीस-बावीस घरांचा एक पाडा लागायचा. त्याच्या डोक्यावर ओढा अडवून मातीचा बांध घातलेला होता आणि त्यामागे तळं. त्या भागात पाऊस असा पडतो, की श्रावणात माणसं पावसाला कंटाळतात. आणि होळी झाली की त्याच भागातल्या बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून दरीत जातात. तळं झाल्यापासून या पाड्यातल्या बायकांची ती उतरण सुटली होती. तळ्याला पाणी खाली सोडायची मोरी नव्हती, जादा पाणी वाहून जायला नुसता सांडवा होता. म्हणजे तळं रिकामं करायचं झालं तर बांधालाच खांड पाडावी लागणार.

तळ्यात, बांधाच्या उताराला लागून, एक सागाचा खुंटा रोवलेला होता. तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथं येतं तिथं खुंट्यावर पांढरी रेघ होती. इंचांची पट्टी मंजूर झाली होती, ती यायची होती. मी नोकरीला लागलो तेव्हा यायची होती आणि पुढं चार वर्षं यायचीच राहिली. तोवर राखणदारानं रेघेपासून पाण्यापर्यंत किती बोटं उतरली ते मोजायचं आणि कळवायचं, अशी रीत पडली होती. कागदावर राखणदार म्हणून एका म्हाताऱ्याचं नाव होतं. त्याचे गुडघे गेलेले होते. माप घ्यायची ती त्याची बायको.

तिला लिहिता येत नव्हतं. ती मोजून जितकी बोटं आली तितके चिंचोके पळसाच्या पानात बांधायची. एका मापाची एक पुडी. पुड्या क्रमानं एका अंबाडीच्या दोरीत अडकवायची. दोन-अडीच महिन्यांनी आमचा शिपाई त्या बाजूला गेला की दोरी घेऊन यायचा. मी येण्यापूर्वी त्या पुड्यांचं काय होत होतं कोण जाणे. माझ्या टेबलावर पहिली दोरी आली ती पौष सरता सरता. आठ पुड्या, पानं वाळून कडक झालेली. मला हसू आलं. मग मी कात्री घेतली, पुड्या एकेक करून कापल्या, टेबलावर ओळीनं मांडल्या आणि चिंचोके मोजले. सहा, दहा, चौदा, एकोणीस, सव्वीस, चौतीस, चव्वेचाळीस, शेहेचाळीस.

आता तळं किती उतरलं याला तसा फारसा अर्थ नसतो. पाऊस थांबला की प्रत्येक तळं उतरतं; ऊन पितं, माणसं पितात, गुरं पितात. विचारायचं ते असं, की रोज किती उतरतंय. आणि ते रोजचं उतरणं वाढत चाललंय का? वाढत चाललं असेल तर बांधाच्या पोटातून पाणी वाट काढतंय असं समजायचं, कारण मातीत एकदा वाट पडली की ती दिवसागणिक रुंद होते. हे सगळं मला वर्गात शिकवलेलं होतं आणि ते वापरून दाखवायला मी टपलेलोच होतो.

माप दर बाजाराला घ्यावं, असा कचेरीचा जुना हुकूम होता. म्हणजे दोन पुड्यांमध्ये सात दिवस. एका पुडीतून आधीची पुडी वजा केली. चार, चार, पाच, सात, आठ, दहा. आठवड्याला चार बोटांवरून आठवड्याला दहा बोटांवर. शेवटची वजाबाकी मात्र दोनच येत होती. ती या रांगेत बसेना. बाई मोजताना चुकली असणार असं मी ठरवलं आणि तो आकडा खाली बारीक अक्षरात टाकून दिला. जो आकडा माझ्याशी भांडला, तोच चुकलेला. इतकं सोपं होतं ते.

तीन पानांचा अहवाल लिहिला. सोबत आलेख काढला, शाईची रेघ अशी सुरेख चढत गेलेली. दफ्तराची फीत तुटली होती, म्हणून टेबलावर पडलेली तीच अंबाडीची दोरी गुंडाळून मी सगळे कागद बांधले. दोरी लांब पडली, मध्येच एक गाठ मारून आखूड केली. तिला जागोजाग गाठी होत्या, त्या बोटांना टोचत होत्या. खेड्यातली दोरी अशीच असायची, म्हणून मी वैतागलो, आणि तेवढ्यावर विसरून गेलो.

साहेब तेव्हा हिवतापानं पडून होते. त्यांनी अंथरुणावरच अहवाल वाचला, दोनदा वाचला. मी बांध डोळ्यांनी पाहिला आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो की आकडे पुरेसे बोलके आहेत. आज हे वाक्य आठवलं की कानाची पाळी गरम होते. पण साहेबांचा माझ्या भागाकारावर विश्वास होता, आणि घाटावरचा तो बांध त्यांच्या डोळ्यांपुढून हललेला नव्हता. पाडा बरोबर बांधाच्या खाली होता. त्यांनी वर लिहून परवानगी मागितली. हुकूम आला की सांडव्याच्या बाजूनं बेतानं खांड पाडून शिमग्याच्या आत तळं रिकामं करावं. साहेबांना उठवत नव्हतं, तेव्हा जाणार मी.

पाड्यातल्या लोकांनी पावसापर्यंत पाणी कुठून आणायचं, याबद्दल हुकमात एक ओळ नव्हती. मला ते खटकलं. पण माणसं बुडण्यापेक्षा तहानेनं खाली उतरलेली बरी, असं मी स्वतःला सांगितलं आणि तट्टूवर बसून मोखाड्याला गेलो. तिथून एक मुकादम आणि बारा मजूर घेतले. पहारी, कुदळी, पाट्या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा आम्ही पाड्यावर पोचलो.

बातमी आमच्या आधी पोचलेली होती. सगळा पाडा बांधावर बसला होता. कोणी ओरडत नव्हतं, कोणी आडवं येत नव्हतं. बायकांनी घरातले होते नव्हते ते हंडे, मडकी, दुधी भोपळ्याचे तुंबे भरून ओळीनं ठेवले होते. बावीस घरं, आणि चार महिने पुरवायला ती मडक्यांची ओळ. ती पाहून माझी मान आपोआप खाली गेली, आणि मी उगाच मुकादमावर खेकसलो.

आधी बांधाच्या पायथ्याशी गेलो. तिथं एका जागी जमीन ओली होती आणि मऊ लागत होती. मी चरकलो, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण माझा अहवाल खरा ठरत होता. माणूस किती वाईट असू शकतो, ते असं उन्हात उभं असताना कळतं. तेवढ्यात मागून एक पन्नाशीची बाई आली. काटक, कमरेला कोयता. हीच ती राखणदाराची बायको. ती म्हणाली की बांध घातला त्या सालापासून इथं असंच ओलं असतं, म्हणून तिनं तिथं अळू लावलाय. पाहिलं तर खरंच अळू होता. पानं चांगली थाळीएवढी. पाणी निवळ होतं, त्यात माती नव्हती. तरी मी मान हलवली नाही. माझ्याकडे तीन पानं होती.

त्या बाजूची माणसं सगळ्यांनाच एकेरीत बोलतात. त्यात उद्धटपणा नसतो, त्यांच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. मला त्याची सवय व्हायची होती. बाईनं सरळ विचारलं,

"साहेब, माझे दोरीत तुला काय दिसलं?"

मी सांगितलं की तळं आधी आठवड्याला चार बोटं उतरत होतं, नंतर दहा बोटं उतरायला लागलं; बांध गळतोय. आठवड्याचं कोणी सांगितलं, ती म्हणाली. मी म्हटलं, हुकूमच आहे तसा. ती म्हणाली की हुकूम असेल, पण तिला दर बाजाराला कसं जमेल? खळं तळ्याशेजारी होतं तोवर ती आठा-नऊ दिवसांनी यायची. भात, नागली घरात आली, मग गवत कापायला लांबच्या माळावर जावं लागलं, तेव्हा पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस तळ्याकडे फिरकणं झालं नाही. म्हणूनच तर तिनं गाठी मारल्या होत्या.

"कसल्या गाठी?" मी विचारलं.

तिची नजर माझ्या काखेतल्या दफ्तरावर गेली होती. तिनं हात पुढं केला आणि एक बोट दोरीवर ठेवलं.

"ही काय. हीच माझी दोरी."

मला पहिल्यांदा काही उमजेना. मग तिनं सांगितलं ते त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मला सोडून. लग्न ठरलं की पाहुण्यांच्या घरी गाठी मारलेली दोरी जाते. लग्नाला जितके दिवस तितक्या गाठी. रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की निघायचं. कागद नको, तारीख नको, आणि कोणी एक दिवस आधी येत नाही की एक दिवस उशिरा. बाईनं तेच उलटं केलं होतं. तिच्या दोरीला लग्नाचा दिवस नव्हता, म्हणून सोडण्याऐवजी ती रोज सकाळी एक गाठ मारायची. माप घेतलं की पुडी अडकवायची आणि पुढच्या गाठी सुरू करायची. पुड्यांत बोटं होती, गाठींत दिवस होते. मी बोटं घेतली, दिवस कात्रीखालून काढून दफ्तराला गुंडाळले आणि माझ्या मनानं प्रत्येक ठिकाणी सात लिहिले.

मी बांधावरच बसलो. दफ्तर सोडलं. कागद वाऱ्यानं उडायला लागले तेव्हा मुकादमानं त्यांच्यावर पहार ठेवली. पुड्या कापल्या होत्या तरी त्यांचे देठ दोरीत तसेच अडकलेले होते, तेव्हा कुठली पुडी कुठं होती ते दिसत होतं. बाई गाठीवरून अंगठा फिरवत गेली आणि मी लिहीत गेलो. कोरा कागद जवळ नव्हता, तेव्हा हुकमाच्याच पाठीवर लिहिलं. आठ. नऊ. नऊ. चौदा. पुढं ती मोजता मोजता थांबली. इथं अठरा गाठी लागत होत्या, पण एक तिला पटेना. तिनं ती नखानं उचलली, उलटसुलट पाहिली.

"ही तुझी गाठ हाय," ती म्हणाली. "माझी अशी सुटत नाय."

पाड्यातले लोक हसले. मजूर हसले. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यानं माझं अर्धं ओझं उतरलं. माझी गाठ सोडून टाकली. सतरा राहिल्या. पुढं वीस. आणि शेवटच्या दोन पुड्यांमध्ये फक्त दोन.

आता भागायचं होतं ते योग्य आकड्यांनी. आठ दिवसांत चार बोटं. नऊ दिवसांत चार, नऊ दिवसांत पाच, चौदा दिवसांत सात, सतरा दिवसांत आठ, वीस दिवसांत दहा. प्रत्येक ठिकाणी रोजचं उतरणं अर्धं बोट, कुठं जरासं कमी, कुठं जरासं जास्त. माझी ती सुरेख चढत गेलेली रेघ बघता बघता आडवी झाली. तळं दिवाळीत जसं उतरत होतं तसंच पौषातही उतरत होतं.

मी उठून थांबा म्हणणार, तेवढ्यात शेवटच्या आकड्यावर नजर गेली आणि परत खाली बसलो. दोन दिवसांत दोन बोटं. म्हणजे रोजचं एक बोट. दुप्पट. कचेरीत हाच आकडा एकटा म्हणत होता की काही भिण्यासारखं नाही, आणि मी त्याला टाकून दिलं होतं. आता बाकीचे सगळे गप्प झाले होते आणि हाच एकटा म्हणत होता की तळं गळायला लागलंय.

आमच्या वर्गातले गणिताचे मास्तर सांगायचे की मापं सारख्या अंतरावर नसली तर नुसती सरासरी काढून चालत नाही. एखाद्या दिवसाचा वेग काढायचा असेल तर अलीकडचा उतार आणि पलीकडचा उतार दोन्ही घ्यावे, पण ज्या बाजूचं माप जवळ आहे तिचं जास्त ऐकावं. किती जास्त, तर अंतरं उलटी करून वजन द्यायचं. माझ्या सातव्या पुडीच्या एका बाजूला वीस दिवस होते, तिथला उतार अर्धं बोट. दुसऱ्या बाजूला दोन दिवस, तिथला उतार एक बोट. जवळच्या उताराला वीस भाग, लांबच्याला दोन भाग. केलं. उत्तर आलं जवळजवळ एक बोट. सूत्र बरोबर होतं, भागाकार बरोबर होता, आणि त्या दोघांनी मिळून मला पुन्हा खड्ड्यात नेऊन उभं केलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. चूक इकडं झाली तर पाडा तहानेनं देशोधडीला लागणार, तिकडं झाली तर पाण्याखाली जाणार, आणि निवाडा करणार मी, जो पंधरवड्यापूर्वी दिवस न मोजताच भागाकार करून बसला होता.

शेवटी मी बाईला म्हटलं की तू बोटं कशी मोजतेस ते मला दाखव. ती गुडघाभर पाण्यात उतरली. रेघेवर चार बोटं आडवी ठेवली, त्यांच्याखाली दुसऱ्या हाताची चार, मग पुन्हा पहिला हात. खाली पोचली तेव्हा शेवटचं बोट निम्मं पाण्यात आणि निम्मं वर. मी विचारलं, हे बोट धरायचं की सोडायचं? ती म्हणाली की कधी धरते, कधी सोडते. त्या दिवशी शिपाई वाटेवर उभा राहून घाई करत होता, दोरी लगेच न्यायची म्हणाला, म्हणून तिनं दोन दिवसांपूर्वीच माप घेतलेलं असूनही पुन्हा घेतलं. धरलं की सोडलं ते तिला आठवत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. एखादं बोट इकडंतिकडं होणारच, हाताचं माप आहे. वीस दिवसांत एक बोट चुकलं तर विसांनी भागून ते कुठल्या कुठं जातं. दोन दिवसांत एक बोट चुकलं तर तळं फुटतं. जवळच्याचं ऐकावं हे खरं, पण जवळचा बोलताना अडखळत असेल तर तोच आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो. मास्तरांनी हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा अक्षर सुधारत बसलो असेन.

"बाई," मी म्हटलं, "त्या मापाला आज किती दिवस झाले, ते तरी सांगता येईल का?"

"त्यापुढची दोरी घरात हाय," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की हे काय विचारणं झालं. शिपाई दोरी घेऊन गेला म्हणून दिवस थोडेच थांबले होते?

दोरी आणायला ती स्वतः गेली. ती परत येईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. मी अळवाकडे बघत बसलो होतो. ती आली. गाठी मोजल्या, एकवीस. मग ती पुन्हा पाण्यात उतरली आणि मी काठावरून मोठ्यानं मोजलं. सत्तावन्न. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा सत्तावन्न. मग न राहवून मी धोतर खोचलं आणि स्वतः मोजायला उतरलो, तर माझी एकोणसाठ भरली. तिनं माझा हात उचलून पाहिला, कारकुनाची बारीक बोटं, आणि माझं माप धरायचं नाही असं तिनंच जाहीर केलं. मी ते मुकाट्यानं मानलं.

शेवटची गडबडीतली पुडी बाजूला ठेवली. तिच्या आधीच्या पुडीत चव्वेचाळीस होते, आज सत्तावन्न. मध्ये दोन आणि एकवीस, तेवीस दिवस. तेवीस दिवसांत तेरा बोटं. रोजचं अर्ध्या बोटाहून किंचित जास्त, आणि तेवढं तर माघाचं ऊनच पितं. बांध गळत नव्हता. दिवाळीपासून आजवर एक दिवसही गळत नव्हता. गळत होता तो माझ्या टेबलावर.

मला रडू आलं. चारचौघांत, ओल्या धोतरानं, पाण्यात उभं राहून मी रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. मुकादम भला माणूस होता, पण हुकमाचा पक्का. काम थांबवायचं तर त्याला लेखी हवं होतं. माझ्या सहीला जव्हारात काडीची किंमत नव्हती, पण त्या बांधावर शाई माझ्याकडेच होती. हुकमाच्या पाठीवर, भागाकारांच्या खाली, मी लिहिलं की काम थांबवावं, जबाबदारी माझी, आणि सही केली. मजुरांनी पहारी उचलल्या आणि सावलीत जाऊन बसले. बायकांनी भरून ठेवलेली मडकी एकेक करून उचलायला सुरुवात केली. त्यातल्या एकीनं आपलं मडकं परत तळ्यात ओतलं. का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दुपारी आम्ही सगळे तिथंच नागलीची भाकर आणि अळवाची भाजी जेवलो.

जव्हारात परत जाताना मात्र धीर सुटत चालला. हुकूम मोडला होता, अहवाल खोटा ठरला होता, नोकरी जाणार हे मी गृहीत धरलं होतं. साहेब उठून बसायला लागले होते. मी काही लपवलं नाही. कात्रीपासून सुरुवात केली आणि माझ्या त्या सुटणाऱ्या गाठीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही दोऱ्या मागून घेतल्या. डोळे मिटून, माळ ओढावी तशा, अंगठ्यानं गाठी मोजल्या. मला बोलणी बसणार म्हणून मी खाली बघत उभा होतो.

"बरं झालं तू गेलास," ते म्हणाले. "मी गेलो असतो तर खांड पाडूनच आलो असतो."

एवढंच. वर त्यांनीच लिहिलं आणि आपल्या नावावर लिहिलं, माझं नाव त्यात कुठं आलं नाही. अंगात ताकद आल्यावर स्वतः जाऊन बांध पाहून आले. येताना त्यांच्या पिशवीत अळू होता. नंतर ते एखाद्या बांधाबद्दल बोलणं निघालं की पेन खाली ठेवत, पण त्यांचा चेहरा पूर्वीसारखा ओढलेला दिसत नसे.

मी नोंदवहीची पानं नव्यानं आखली. बोटांच्या रकान्याशेजारी दिवसांचा एक रकाना काढला. शिपायाला सांगून ठेवलं की दोरी नेताना बाईला घाई करायची नाही, आणि तिला निरोप दिला की निम्मं भिजलेलं बोट दर वेळी धरायचं. कात्री मी टेबलाच्या खणात टाकली. त्या उन्हाळ्यात दोऱ्या लवकर लवकर मागवल्या. पुड्या जड होत गेल्या. चैत्रात ऐंशीच्या वर, वैशाखात शंभरच्या वर. दीडशे बोटांवर चिखल लागतो, असं बाईनं सांगितलं होतं. रोजचं उतरणंही वाढलं होतं, पाऊण बोटाच्या पुढं गेलं होतं, पण ते उन्हाबरोबर हळूहळू वाढलं होतं आणि मला ते गाठींगणिक दिसत होतं. मृगापूर्वीच्या शेवटच्या पुडीत सव्वाशेहून थोडे जास्त चिंचोके होते. ते मी तीनदा मोजले. पाणी पुरलं होतं.

मग पावसानं वाटा बंद केल्या आणि दोरी यायची थांबली. आषाढ संपता संपता शिपाई नखशिखान्त भिजून आला आणि त्यानं माझ्यापुढं दोरी ठेवली. तिच्यात एकच पुडी होती, चपटी. साहेब समोरच बसले होते. मी सवयीनं आधी गाठी मोजल्या, सत्तेचाळीस होत्या. त्या लिहिल्या. मग पान उलगडलं. आत काही नव्हतं. एकही चिंचोका नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा रंग उतरला होता. बांध गेला का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी पान पुन्हा उलटून पाहिलं. मग मला ती बाई दिसली, भर पावसात गुडघाभर पाण्यात उभी, खुंट्यावर हात ठेवलेली, आणि रेघेच्या खाली ठेवायला तिला एका बोटाचीही जागा नाही. मोजायला काही उरलेलंच नव्हतं. तरी तिनं पान घेतलं, पुडी बांधली आणि पाठवली, कारण माप ते माप.

"नाही साहेब," मी म्हटलं, "भरलंय."

साहेब खुर्चीत मागं टेकले आणि किती तरी वेळ नुसते हसत राहिले. मी वही पुढं ओढली. दिवसांच्या रकान्यात सत्तेचाळीस आधीच लिहिलेले होते. त्यांच्या शेजारी, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात, मी शून्य काढलं.